पोटावरची पिशवी कुठली, हे आधी विचारा



आमच्या एका गटातली ताई पोटाच्या ऑपरेशननंतर तीन महिने बैठकीला आली नाही. हप्ता मुलीच्या हाती पाठवायची. आम्ही भेटायला गेलो, तर दाराआडूनच बोलली. पोटावर पिशवी लावलेली होती. वास येईल, बायका नावं ठेवतील, या धास्तीनं तिनं उंबरा ओलांडला नव्हता. तिच्या नात्यातल्या एका काकांनाही अशीच पिशवी होती. ते म्हणाले, "माझी दिवसातून एकदाच भरते. तुझी सारखी भरते, म्हणजे तू जास्त खातेस-पितेस. कमी कर." ताईनं पाणी घोटावर आणलं. आठवड्याभरात चक्कर येऊन पडली आणि सलाईन लावावी लागली.

काकांनी चांगल्या मनानंच सांगितलं होतं. पण त्यांची पिशवी वेगळी, ताईची वेगळी. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आज, ताईच्या परवानगीनं, हा विषय घेतलाय.

आतड्याचा कॅन्सर, आतड्याला पडलेलं छिद्र, अडथळा किंवा मोठी जखम असली, की कधी कधी डॉक्टर आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. ग्रीक भाषेत स्टोमा म्हणजे तोंड. निरोगी स्टोमा आपल्या गालाच्या आतल्या भागासारखा लाल आणि ओलसर असतो. त्याला हात लावला तर दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. मात्र त्याला आवरून धरता येत नाही, म्हणून वर पिशवी लागते.

स्टोमाचे मुख्य प्रकार तीन.

पहिला कोलोस्टॉमी. यात मोठं आतडं बाहेर काढतात, बहुतेक वेळा पोटाच्या डाव्या बाजूला. मोठं आतडं पाणी शोषून घेतं. त्यामुळे डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीतून संडास बरीचशी घट्ट येते, दिवसातून एक-दोनदा. काकांची हीच होती. यात बद्धकोष्ठ होऊ शकतो, म्हणून पाणी, भाज्या, फळं चालू ठेवायची.

दुसरा इलिओस्टॉमी. यात लहान आतड्याचं शेवटचं टोक बाहेर काढतात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला. मोठ्या आतड्यापर्यंत अन्न पोचतच नाही, त्यामुळे पाणी शोषलं जात नाही. बाहेर येतं ते पातळ पेजेसारखं, दिवसभर थोडं थोडं. पिशवी चार-सहा वेळा रिकामी करावी लागते, आणि त्यात काही चुकीचं नाही. आमच्या ताईची हीच होती. यात पाण्याबरोबर अंगातलं मीठही जातं. म्हणून पाणी तोडायचं नाही. नुसतं पाणीही पुरत नाही. मीठ घातलेली पेज, ताक, आणि डॉक्टर सांगतील तसं ओआरएस घ्यायचं. बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मिठाचं आधी विचारायचं. ओलं खोबरं, मक्याचे दाणे, शेंगदाणे नीट चावले नाहीत तर अडकतात. जुलाबाचं औषध मनानं कधीच घ्यायचं नाही. या पातळ संडासात पाचकरस असतो. तो कातडीला लागला तर ती सोलवटते.

तिसरा युरोस्टॉमी. ही लघवीची वाट. मूत्राशय काढावं लागलं, की लहान आतड्याचा छोटा तुकडा घेऊन त्यातून लघवी पोटावर काढतात. ती थेंबथेंब सतत येते. पिशवीला खाली तोटी असते. लघवीत शेंबडासारखे पांढरे धागे दिसतात. ते आतड्याच्या तुकड्याचे, पू नव्हे. यातही भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर जंतुसंसर्ग होतो.

यातला कुठलाही स्टोमा कायमचा असतोच असं नाही. खालचं आतडं भरून यावं म्हणून काही महिन्यांपुरती कोलोस्टॉमी किंवा इलिओस्टॉमी करतात आणि नंतर बंद करतात. पण मूत्राशय काढल्यावर केलेली युरोस्टॉमी कायमची असते. म्हणून घरी येण्याआधी तीन प्रश्न विचाराच: कुठला स्टोमा आहे? किती दिवसांसाठी? खाण्यापिण्याचं काय? उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. स्टोमाभोवतीची कातडी साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करायची. खोबरेल तेल, हळद लावायची नाही, त्यानं चकती चिकटत नाही. सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत स्टोमा आकसतो, म्हणून माप पुन्हा घेऊन चकतीचं भोक कापायचं. या काळात भरलेली घागर, सरपणाचा भारा उचलायचा नाही, आतडं बाहेर फुगू शकतं.

स्टोमा काळा-जांभळा पडला, रक्त थांबेना, पिशवीत पाण्यासारखं खूप येऊ लागलं आणि लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठायचा. इलिओस्टॉमीतून काही तास काहीच आलं नाही आणि पोट दुखून उलट्या होऊ लागल्या, किंवा युरोस्टॉमीत थंडीताप आला, तरी थांबायचं नाही.

पिशवी नीट बसली तर वास येत नाही. स्वयंपाक, देवपूजा, हळदीकुंकू, शेत, नवऱ्याची सोबत, यातलं काहीही विटाळत नाही. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया नावाची संस्था आहे. पिशवी आणि तिची काळजी याबद्दल तिथे माहिती मिळते.

ताई आता बैठकीला येते. दाराजवळ बसते, मधेच उठून जाते, परत येते. आम्ही कुणी विचारत नाही. तुमच्या गटातली एखादी बाई ऑपरेशननंतर दिसेनाशी झाली असेल, तर हप्त्याची वाट बघू नका. तिच्या घरी जा.