खासगी आस्थापनांतील शस्त्रबंदीचे फलक : अमेरिकेतील कायद्याचे विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेत दुकानाच्या वा उपाहारगृहाच्या दारावर पिस्तुलाचे चित्र आणि त्यावर तांबडी तिरपी रेघ असलेला फलक अनेक ठिकाणी आढळतो. त्याचा अर्थ कोणालाही कळतो. परंतु त्याचे कायदेशीर बळ राज्यागणिक बदलते. काही राज्यांत विहित फलक लावलेल्या जागेत शस्त्रासह प्रवेश करणे हाच गुन्हा ठरतो. अन्य अनेक राज्यांत मात्र फलक केवळ मालकाची इच्छा दर्शवितो. बाहेर जाण्यास सांगूनही ग्राहक थांबून राहिला, तरच अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा घडतो. हा भेद कशातून निर्माण होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन हक्कांचा संबंध

अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्कास संरक्षण दिले आहे. हा हक्क घराबाहेरही लागू होतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये 'ब्रुएन' खटल्यात दिला. तथापि हे संरक्षण शासनाविरुद्ध आहे. ते खासगी मालकाला बांधून ठेवत नाही. आपल्या जागेत कोणी यावे हे ठरविण्याचा मालकाचा हक्क अबाधित राहतो. म्हणूनच खरा प्रश्न मनाई करता येते की नाही हा नसून, ती मनाई शस्त्रधारकापर्यंत पोहोचली असे केव्हा मानावे, हा आहे.

टेक्सासचे उदाहरण

१९९१ मध्ये टेक्सासमधील किलीन येथे एका भोजनगृहात झालेल्या गोळीबारात २३ जणांचा बळी गेला. त्यात आईवडील गमावलेल्या सुझॅना हप यांनी तत्कालीन कायद्यामुळे आपले पिस्तूल मोटारीतच ठेवले होते. पुढे त्यांनी परवानाधारकांस पिस्तूल बाळगता यावे यासाठी साक्ष दिली व त्या राज्य विधिमंडळाच्या सदस्यही झाल्या. १९९५ मध्ये संमत झालेल्या कायद्यान्वये १९९६ पासून झाकलेले पिस्तूल बाळगण्याचे परवाने मिळू लागले.

१९९७ मध्ये राज्याच्या दंड संहितेत कलम ३०.०६ घालण्यात आले. त्यानुसार फलकावर कायद्याने ठरवून दिलेला मजकूर इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत हवा, अक्षरे किमान १ इंच उंचीची व पार्श्वभूमीहून उठून दिसणाऱ्या रंगाची हवीत आणि फलक सहज दिसेल अशा जागी हवा. केवळ चित्र लावून परवानाधारकाला ही विहित सूचना मिळत नाही. २०१६ पासून उघडपणे पिस्तूल बाळगण्यास परवानगी मिळाल्यावर कलम ३०.०७ अन्वये दुसरा फलक आला. १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतांश पात्र प्रौढांना परवान्याविना पिस्तूल बाळगता येऊ लागले, तेव्हा कलम ३०.०५ अन्वये तिसऱ्या फलकाची भर पडली. विहित फलक डावलणाऱ्या परवानाधारकास २०० डॉलरपर्यंत दंड होतो. तोंडी सांगूनही तो बाहेर न गेल्यास अपराधाची श्रेणी वाढते व कारावासही होऊ शकतो.

या काटेकोरपणामागे एक तत्त्व आहे. ज्या कृतीसाठी नागरिकास शिक्षा होणार, तिची मनाई त्याला निःसंदिग्धपणे कळली पाहिजे. परंतु त्याचा भार मालकावर पडतो. लहान दुकानदाराने दारावर चित्र चिकटवून मनाई केल्याचे समाधान मानले, तरी परवानाधारकाच्या बाबतीत ती विहित रीतीने झालेलीच नसते. याउलट इलिनॉय राज्याने २०१३ च्या कायद्यात ४ इंच रुंद व ६ इंच लांब अशा आकाराचा, राज्य पोलिसांनी ठरविलेला एकच नमुना स्वीकारला.

विनंती आणि मनाई

ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो येथील वॉलमार्टच्या दुकानात झालेल्या गोळीबारात २३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये या कंपनीने ग्राहकांना उघडपणे शस्त्र न बाळगण्याची विनंती केली. विनंती न मानणे हा गुन्हा नव्हे. ग्राहक न दुखावता आपली भूमिका मांडण्याचा हा मार्ग होता. त्याचे बळ मात्र ग्राहकाच्या सौजन्यापुरतेच होते.

मौनाचा अर्थ

फलकच नसेल तर काय? टेक्सासमध्ये सर्वसाधारणपणे मालकाचे मौन ही संमती मानली जाते. हवाई राज्याने २०२३ मध्ये हा क्रम उलटविला : जनतेस खुल्या असलेल्या खासगी जागेतही मालकाच्या स्पष्ट अनुमतीविना शस्त्र नेता येणार नाही, असे ठरविले. या नियमास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी स्वीकारले.

समारोप

दोन्ही पद्धतींत अंतिम निर्णय मालकाचाच असतो. भेद एवढाच की, प्रथम बोलण्याची जबाबदारी एके ठिकाणी मालकावर, तर दुसरीकडे शस्त्रधारकावर टाकली जाते. बहुसंख्य मालक काहीच बोलत नाहीत, तेथे मौनाचा अर्थ ठरविणारा नियमच व्यवहारात किती जागा शस्त्रांस खुल्या राहतील हे ठरवितो. म्हणूनच फलकावरील अक्षरांच्या उंचीचा क्षुल्लक वाटणारा प्रश्न वस्तुतः मालमत्ता, स्वसंरक्षण आणि सार्वजनिक सुरक्षितता यांच्यातील समतोलाचा प्रश्न होय.