शहराचे फोटो काढताना

सुगी आटोपली, की आपल्याकडे गावोगाव जाण्यायेण्याचे दिवस सुरू होतात. शाळांच्या सहली निघतात. कोणी भाचीच्या लग्नाला, तर कोणी दवाखान्याच्या कामाला मुंबईला जाऊन येतो. पूर्वी अशा प्रवासात कॅमेरा एखाद्याच्याच गळ्यात दिसे. आता तो ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनमध्ये असतो. चार दिवसांत दोनशे फोटो सहज निघतात. पण वर्षभराने विचारा, "यातला कोणता आठवतो?" तर सांगता येत नाही. असे का होते, आणि परगावच्या माणसाने शहराचे फोटो कसे काढावेत व कसे जपावेत, ते आज पाहू.

पहिली गोष्ट अशी, की शहरात नवखे असणे ही फोटो काढणाराची अडचण नव्हे, उलट सोय आहे. बोरीबंदरचे स्टेशन घ्या. हजारो चाकरमानी रोज त्या इमारतीतून लोकल गाठायला धावतात. मान वर करायला त्यांना सवड नसते. आपण मात्र थांबतो. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ साली सुरू झालेले हे काम पुरे व्हायला दहा वर्षे लागली. दगडात कोरलेली पानेफुले आणि पशुपक्षी निवांतपणे पाहावेत ते पाहुण्यानेच.

फोटो काढताना आधी सूर्य कोठे आहे ते पाहावे. बोरीबंदरच्या इमारतीचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून तिच्यावर चांगले ऊन पडते ते दुपार कलल्यावर. गेटवे ऑफ इंडियाच्या मागे पूर्वेला समुद्र आहे. सकाळी शहराच्या बाजूने फोटो घेतलात, तर उजेड समोरून येतो आणि कमान व माणसांचे चेहरे दोन्ही काळे पडतात. दुसरे असे, की उंच इमारतीच्या अगदी पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर केला, तर भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. रस्त्यापलीकडच्या पदपथावर जावे आणि कॅमेरा सरळ धरावा. एखादे माणूस चौकटीत असू द्यावे, म्हणजे इमारत केवढी आहे ते कळते.

आता तुम्ही म्हणाल, "असले फोटो तर कॅलेंडरवरही मिळतात!" बरोबर आहे. गेटवे १९२४ साली खुले झाले, ते आजही उभे आहे. खरा प्रश्न आहे तो जे उभे राहणार नाही त्याचा.

दादर टी. टी. हे नाव तुम्ही ऐकले असेल. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामगाडीचा शेवटचा थांबा. मुंबईत १८७४ साली घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली आणि १९०७ साली विजेवर चालणारी आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम दादरला पोचली, तेव्हापासून नाव उरले आहे आणि गाडी गेली आहे. काळा घोडा हे ठिकाणही असेच. ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडले, तो १९६५ साली तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. स्वार नसलेला नवा काळा घोडा त्या भागात बसला तो २०१७ साली. डिझेलवरच्या जुन्या दुमजली बसगाड्या आणि पद्मिनी टॅक्सी, दोन्ही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. रोज दिसणारी वस्तू कायमची आहे असे आपण धरून चालतो, म्हणून तिचा फोटो कोणी मुद्दाम काढत नाही.

हे मला आमच्या घरातल्या एका फोटोने शिकवले. माझे मामा परळच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या पेटीत एक फोटो निघाला. तीन तरुण रस्त्याच्या कडेला उभे आहेत आणि मागे ट्राम आहे. पाठीवर एक अक्षर लिहिलेले नाही. मामा तर वारलेले. मग आम्ही फोटोच वाचायला बसलो. मागे ट्राम आहे, अर्थात तो मार्च १९६४ च्या अलीकडचा नाही. मामांच्या मनगटावर १९५९ साली लग्नात मिळालेले घड्याळ आहे, म्हणजे त्याच्या आधीचाही नाही. पाच वर्षांचा काळ हाती लागला. पण बरोबरचे दोघे कोण?

गेल्या वर्षी शाळेची सहल घेऊन मी मुंबईला गेलो आणि मामीला दाखवायचे म्हणून पुष्कळ फोटो काढून आणले. मामी आता ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. बोरीबंदर, गेटवे, मरीन ड्राइव्ह त्यांनी भराभर पुढे सारले. एका फोटोवर मात्र बोट ठेवले. तो मी नीट पाहूनही घेतला नव्हता. परळची एक जुनी चाळ, लाकडी कठड्याची गॅलरी आणि कठड्यावर वाळत घातलेली लुगडी. "आरं, अशाच गॅलरीत आम्ही राहत हुतो," त्या म्हणाल्या. मग पहाटे चारला येणारे नळाचे पाणी, पहिल्या पाळीचा भोंगा, रातपाळीहून आलेल्यांना झोप मिळावी म्हणून दबक्या आवाजात बोलणाऱ्या बायका, असे एकेक निघत गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे कितीतरी जण गावी परतले. मामाही त्यांतलेच. त्या दिवसांविषयी मामी आमच्या घरात त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोलल्या.

मी पटकन ट्रामचा फोटो पुढे केला. एकाला त्यांनी ओळखले. तो शेजारच्या खोलीतला, कोकणातला. दुसऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "ह्यो आपल्याकडं जेवाया यायचा. पर नाव न्हाई रं येत." दहा वर्षे आधी विचारले असते, तर कदाचित आले असते.

म्हणून सांगतो, फोटो आठवण साठवत नाही, तो आठवण जागी करतो, आणि तीही ज्याच्याजवळ आहे त्याचीच. ते माणूस गेले, की हाती उरतो कागद. त्यासाठी सहलीहून आल्यावर आठवड्याच्या आत दोनशेतले दहा फोटो निवडा आणि कागदावर छापून घ्या, कारण फोन बिघडला की फोटोही जातात. प्रत्येकाच्या पाठीवर चार गोष्टी लिहा: कधी, कोठे, कोण आणि का काढला. मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाई पसरते आणि दाबून लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उठतात. काढतानाच एक-दोन फोटो साध्या गोष्टींचे घ्या: दुकानाची पाटी, बसचा थांबा, भाजीवालीची पाटी. माणसाचा फोटो मात्र त्याला विचारून घ्यावा. कोणाचे दार, कोणाची न्हाणी ही आपली करमणूक नव्हे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या बहुतेक गावांत मुंबईला नोकरी करून आलेली माणसे आहेत. सहलीचे फोटो घेऊन मुलांना त्यांच्याकडे पाठवा. मुलांनी विचारावे, "आजोबा, तुमच्या वेळी येथे काय होते?" आणि ऐकतील ते वहीत उतरवावे. मुलांना इतिहासाचा धडा मिळेल आणि म्हाताऱ्यांना ऐकणारे कोणीतरी मिळेल.

आमच्या फोटोच्या पाठीवर मी आता दोन नावे लिहिली आहेत आणि तिसरी जागा मोकळी सोडली आहे. तुमच्याही पेटीत असा एखादा फोटो असेल. तो आजच बाहेर काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ जाऊन बसा.