नळाचें पाणी आणि रुग्णशय्या

संस्कृत कोशांत पाण्यास ‘जीवन’ म्हटलें आहे, आणि ‘विष’ या शब्दाचाही एक अर्थ पाणी असाच दिला आहे. अमरकोश पाठ करणारे विद्यार्थी येथें हटकून अडत व हसत. तेव्हां ‘विष्’ म्हणजे व्यापणें या धातूकडे बोट दाखवून मी त्यांचें समाधान करीत असें. उत्तर आयर्लंडांतील एका दुर्घटनेची हकीकत वाचतांना या दोन अर्थांची मला वारंवार आठवण झाली.

सन २०११ च्या डिसेंबरांत डेरी शहरांतील आल्टनागेल्विन रुग्णालयांत एक, आणि पुढील महिन्यांत बेलफास्ट येथील रॉयल ज्युबिली प्रसूतिगृहांत तीन, अशीं चार नवजात अर्भकें सूडोमोनास नांवाच्या जंतूच्या संसर्गानें दगावलीं. नाजूक बालकांसाठीं राखलेला स्वतंत्र कक्ष, आणि त्यांस हात लावण्यापूर्वीं हात धुण्याचा कडक नियम. मग संसर्ग आला कोठून? बेलफास्ट येथें शोध घेतां घेतां तपासनीस ज्या वस्तूपाशीं पोंचले, ती वस्तु म्हणजे हात धुण्याचा नळ! धार सरळ पडावी म्हणून नळाच्या तोंडाशीं प्लास्टिकची एक बारीक जाळी बसविलेली असते. नळ काढून तपासले असतां या जाळ्यांत जंतूंची दाट वस्ती आढळली. नळ बदलण्यांत आले, आणि अशा बालकांचें अंग पुसण्यास केवळ निर्जंतुक पाणीच वापरावें असा आदेश निघाला.

येथें वाचक विचारतील कीं, त्या शहराचें पाणी अशुद्ध होतें काय? तसें नव्हे. पिण्यास जें पाणी निर्धोक, त्यांतही असे जंतु अल्प प्रमाणांत असूं शकतात, आणि धडधाकट माणसास त्यांपासून बहुधा कांहींच उपद्रव होत नाहीं. परंतु अपुऱ्या दिवसांचें मूल, भाजलेला मनुष्य, किंवा ज्याच्या घशांत वा शिरेंत नळी घातली आहे असा रोगी, यांची गोष्ट निराळी. हंडा चार दिवस न घांसतां ठेवला तर आंतून हाताला बुळबुळीतपणा लागतो, हें आपल्या घरांतील कोणतीही गृहिणी जाणते. तो बुळबुळीत थर म्हणजेच जंतूंची वसाहत होय. नळीच्या आंत असा थर एकदां धरला म्हणजे पाण्यांतील क्लोरीन त्याच्या तळापर्यंत नीट पोंचत नाहीं. रोज शिळें पाणी ओतून हंडा घांसण्याची आपली जुनी चाल या दृष्टीनें किती शहाणपणाची! भिंतींत पुरलेली नळी मात्र कोण घांसणार? जेथें पाणी तुंबून राहतें, नळ क्वचितच सुटतो, तेथें हा थर विशेष फोफावतो.

मोरीचीही तीच कथा. कॅनडांतील टोरोंटो येथील एका रुग्णालयांत २००४ ते २००६ या काळांत ३६ रोग्यांस याच जातीच्या जंतूचा उपसर्ग झाला. नळाची धार थेट मोरीच्या तोंडावर आपटे आणि आंतील घाण तुषारांच्या रूपानें आसपास उडे.

लीजनेला नांवाचा दुसरा जलजंतु तर श्वासावाटें फुप्फुसांत शिरतो. १९७६ सालीं फिलाडेल्फियांत माजी सैनिकांच्या संमेलनांत त्याचा प्रथम बोभाटा झाला. पुढें १९८५ सालीं इंग्लंडांतील स्टॅफर्ड येथील रुग्णालयांत त्यानें २८ बळी घेतले; तेथें त्याचें मूळ छपरावरील कूलिंग टॉवरमध्यें सांपडलें. कोमट पाणी याला फार मानवतें. म्हणून गरम पाणी सांठवायचें तें ६० अंश सेंटिग्रेडवर आणि थंड पाणी २० अंशांच्या आंत ठेवावें, असा नियम आहे.

आपल्याकडे रोग्यापाशीं घरचें माणूस बसतेंच, आणि तें सेवा करावयास उत्सुक असतें. प्राणवायूच्या नळीस जोडलेल्या बाटलींतील पाणी कमी झालेलें दिसलें म्हणजे सूनबाई किंवा धाकटे दीर चटकन् उठून ती नळाखालीं धरतात. हें कदापि करूं नये. तींत निर्जंतुक पाणीच घालावयाचें, आणि तें परिचारिकेनें. वाफाऱ्याच्या यंत्राची वाटीही नळाखालीं विसळूं नये. उरलेला चहा वा दूध हात धुण्याच्या बेसिनांत ओतल्यानें मोरींतील जंतूंस आयतें अन्न मिळतें. आणि बेसिनाच्या कडेवर औषधाच्या वाट्या मांडणें म्हणजे तुषारांस आमंत्रणच. फुलदाणींतील शिळें पाणीही याच वर्गांतलें. हात धुणें मात्र यामुळें सोडूं नये! धुऊन कोरडे केल्यावर भिंतीवर टांगलेल्या बाटलींतील मद्यार्काचा द्रव हातांस चोळावा.

खोलीचें भाडें व पंख्याची कुरकुर यांविषयीं व्यवस्थापकाशीं तासभर हुज्जत घालणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. त्यांनीं त्याच बैठकींत इतकेंही विचारावें: कित्येक दिवस मिटून राहिलेल्या खोलींतील नळ रोगी येण्यापूर्वीं कांहीं वेळ मोकळे सोडतां काय? टाकी शेवटची केव्हां धुतली? बाटलींत पाणी कोणतें घालतां?