गुडघ्याची वाटी आणि रोइंग मशीन

जिममध्ये रोइंग मशीनवर व्यायाम करणारी मुलं-मुली आम्हाला विचारतात, "ताई, जिना उतरताना गुडघा पुढून का दुखतो?" उकिडवं बसलं किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसलं, तरी ते दुखणं वाढतं.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वर-खाली सरकते. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू कमजोर असले, तर गुडघा आत झुकतो आणि वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. त्यात गुडघा जास्त दुमडून जोर लावला की वाटी हाडावर घट्ट दाबली जाते. मशीनवर मिनिटाला 20 ओढी मारल्या, तर 10 मिनिटांत हे 200 वेळा घडतं.

म्हणून एवढं सांभाळा :

• पायाचा पट्टा चवड्याच्या रुंद भागावर बांधा.
• पुढे येताना नडगी सरळ उभी झाली की थांबा. गुडघे बोटांच्या रेषेत ठेवा.
• मशीनचा जोर कमी ठेवा, वेळ हळूहळू वाढवा.
• घरी उताणं झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला. 5 सेकंद धरा. असं 10 वेळा करा. मग पाय बदला.

दुखणं गोळीने दाबून मशीनवर बसू नका. गुडघा सुजला, अडकला किंवा वाटी जागेवरून सरकली, तर सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जा. या दुखण्याचं निदान बहुतेक वेळा हाताने तपासूनच होतं. आधीच एमआरआयसाठी कर्ज काढू नका. स्नायू बळकट व्हायला काही आठवडे लागतात. व्यायाम सोडू नका, पद्धत सुधारा.