रचनावृक्षाची पुनर्रचना : पायथनच्या कंपायलरमधील वर्गभेदांचा विचार

वाक्य म्हणजे शब्दांची नुसती रांग नव्हे, तर त्या शब्दांमधील परस्परसंबंधांची उतरंड होय, हा सिद्धान्त भाषाभ्यासकांच्या नित्य परिचयाचा आहे. ‘रामने शामला पळताना पाहिले’ या वाक्यात पळणारा राम की शाम, हे शब्दांच्या क्रमावरून ठरत नाही. ‘पळताना’ हे पद कोणत्या पदाशी जोडावयाचे, यावरून ते ठरते. संगणकासाठी रचलेल्या कृत्रिम भाषांनाही हेच तत्त्व लागू पडते. ‘दोन अधिक तीन गुणिले चार’ या राशीत गुणाकार आधी बांधला तर उत्तर 14 येते, बेरीज आधी बांधली तर 20. फरक इतकाच की, बोलभाषा अशी संदिग्धता चालवून घेते. कृत्रिम भाषेला ती चालवून घेता येत नाही. म्हणून अशा भाषेतील मजकूर यंत्रोपयोगी आज्ञांत उतरविणारा कंपायलर प्रथम त्या मजकुराचा रचनावृक्ष तयार करतो आणि पुढील सर्व काम मूळ मजकुरावर न करता त्या वृक्षावर करतो.

वृक्षाच्या प्रत्येक गाठीला ‘नोड’ म्हणतात आणि प्रत्येक नोड कोणत्या तरी वर्गात मोडतो : बेरीज-वजाबाकीसारख्या द्विपद क्रियेचा एक वर्ग, नावाचा दुसरा, फलनाच्या आवाहनाचा तिसरा. हे वर्ग म्हणजे कंपायलरच्या दृष्टीने त्या भाषेच्या पदजातीच होत. भाषा वाढते, जुने वर्गभेद निरुपयोगी ठरतात, नव्यांची गरज भासते. आणि मग अर्थ न बदलता वर्गीकरण बदलावयाचे, हे अवघड काम कंपायलरची देखभाल करणाऱ्यांपुढे उभे राहते. यालाच पुनर्रचना म्हणावयाचे. तिच्यातील अडचणी कोणत्या आणि त्यांतून मार्ग कसा निघतो, हे पाहण्यास पायथन या भाषेच्या मूळ कंपायलरचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण त्यातील फेरबदल उघडपणे झालेले असून त्यांची नोंद आवृत्तीवार उपलब्ध आहे.

रचनावृक्ष दोन प्रकारचा असतो. व्याकरणाचे नियम ज्या क्रमाने लागू झाले तो सर्व क्रम, त्यातील कंस, स्वल्पविराम व अपूर्णविरामांसह, जो जसाच्या तसा राखतो तो मूर्त वृक्ष. आणि अर्थाला आवश्यक तेवढेच ठेवून बाकीचे गाळतो तो अमूर्त वृक्ष. कंसांचे कार्य घटकांची जोडणी दाखविणे एवढेच असते. ती जोडणी वृक्षाच्या आकारातच व्यक्त झाली की, कंसांची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. पायथनचा कंपायलर प्रारंभी मूर्त वृक्षावरूनच थेट बाइटकोड, म्हणजे पायथनच्या आभासी यंत्राच्या आज्ञा, तयार करीत असे. त्या वृक्षात एखादा साधा अंकसुद्धा दहापेक्षा अधिक स्तरांच्या तळाशी सापडे. कारण तार्किक क्रिया, तुलना, बेरीज, गुणाकार, घात अशा प्रत्येक अग्रक्रमासाठी व्याकरणात एकेक नियम होता आणि अंकाला त्या सर्वांतून खाली उतरावे लागे. व्याकरणाचा एक नियम हलविला की, त्या स्तरांवर विसंबलेला आज्ञानिर्मितीचा भागही हलवावा लागे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 2.5 या आवृत्तीत मध्ये अमूर्त वृक्षाचा टप्पा घालण्यात आला, आणि व्याकरण व आज्ञानिर्मिती यांची ही घट्ट गाठ प्रथमच सैल झाली.

या टप्प्याबरोबर आलेली दुसरी सुधारणा अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. अमूर्त वृक्षात कोणते वर्ग आहेत व प्रत्येक वर्गाचे घटक कोणते, याचे वर्णन एका छोट्या स्वतंत्र संचिकेत करण्यात आले. हे वर्णन ज्या संज्ञापद्धतीत आहे ती 1997 साली वांग, अॅपेल, कॉर्न व सेरा यांनी मांडली असून ‘झेफिर एएसडीएल’ या नावाने ती ओळखली जाते. त्या वर्णनावरून नोड निर्माण करणारा सी भाषेतील मजकूर यंत्रानेच तयार होतो. तो हाताने लिहावा लागत नाही. येथे एक भेद ध्यानात ठेवणे इष्ट आहे. अल्गोल भाषेच्या वर्णनामुळे रूढ झालेली बॅकस-नाउर पद्धती मजकुराची कोणती रूपे शुद्ध, हे सांगते. पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी तिचे साम्य पाहून इंगरमन यांनी 1967 साली तिला ‘पाणिनि-बॅकस’ हे नाव सुचविले होते. एएसडीएलचे प्रयोजन याहून निराळे आहे. शुद्ध ठरलेल्या मजकुराचा विश्लेषित आकार कोणता, एवढेच ती सांगते. रूपाचे नियम आणि विश्लेषणाचे वर्ग अशा दोन स्वतंत्र नोंदी झाल्यामुळे एकीत फेरफार करताना दुसरी अबाधित ठेवणे शक्य झाले.

तथापि वर्णन एके ठिकाणी असले तरी वृक्षाचे वाचक अनेक असतात. नावांची व्याप्ती ठरविणारा टप्पा, स्थिरांकांची आकडेमोड आधीच उरकून घेणारा टप्पा, आज्ञानिर्मितीचा टप्पा, वृक्षावरून पुन्हा मजकूर लिहून देणारी सोय : या प्रत्येकाला प्रत्येक वर्गाची ओळख असावी लागते. 2021 साली 3.10 या आवृत्तीत आकृतिबंध जुळविणारे ‘मॅच’ हे विधान भाषेत आले, तेव्हा त्याच्यासाठी नोडांचा एक संपूर्ण नवा गट निर्माण करावा लागला, आणि वरील प्रत्येक टप्प्यात त्या गटाची दखल घेणे क्रमप्राप्त झाले. एखाद्या टप्प्याला नवा वर्ग अपरिचित राहिला तर चूक तत्काळ दिसेलच असे नाही. चुकीचे उत्तर देत राहणारा कार्यक्रम ही अधिक धोक्याची अवस्था होय.

नवा वर्ग वाढविण्याहूनही अवघड काम म्हणजे जुने वर्ग एकत्र करणे. पायथनच्या वृक्षात स्थिर मूल्यांचे पाच वर्ग होते : संख्येसाठी ‘नम’, अक्षरमालेसाठी ‘स्ट्र’, बाइटमालेसाठी ‘बाइट्स’, सत्य, असत्य व शून्यत्व दर्शविणाऱ्या नामांसाठी ‘नेमकॉन्स्टंट’, आणि तीन टिंबांच्या चिन्हासाठी ‘एलिप्सिस’. हे वर्ग मूल्य मजकुरात कसे लिहिले जाते यावरून पाडलेले होते. परंतु 2018 सालच्या 3.7 या आवृत्तीत स्थिरांकांची आकडेमोड वृक्षावरच होऊ लागली. अशा आकडेमोडीतून कधी कधी अनेक मूल्यांची स्थिर मालिका निष्पन्न होते, आणि ती या पाचांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. ‘कॉन्स्टंट’ हा सर्वसमावेशक वर्ग 2016 सालच्या 3.6 या आवृत्तीपासूनच उपलब्ध होता. 2019 साली 3.8 या आवृत्तीत विश्लेषक सर्व स्थिर मूल्यांसाठी तोच वापरू लागला. लेखनावर आधारलेले पाच भेद जाऊन कार्यावर आधारलेला एक वर्ग आला.

वर्गभेद काढून टाकला म्हणजे त्यामागील अर्थभेद नाहीसा होतो असे मात्र नाही. पायथनमध्ये सत्यमूल्य हा पूर्णांकाचाच उपप्रकार आहे. ‘सत्य’ आणि 1 यांची तुलना केली असता ते समान ठरतात. पूर्वी वर्ग निराळे असल्यामुळे हा प्रश्न वृक्षाच्या वाचकापुढे उभाच राहत नसे. आता ‘कॉन्स्टंट’मधील मूल्य पूर्णांक आहे काय, असा भोळा प्रश्न विचारणाऱ्यास सत्यमूल्यासाठीही होकार मिळतो. म्हणून जुन्या ‘नम’ वर्गाचा आभास कायम ठेवणाऱ्या मजकुरात सत्यमूल्ये वगळण्याची मुद्दाम तरतूद करावी लागली. वर्ग जे मुकाट्याने सांभाळत होता, ते वर्ग गेल्यावर उघडपणे लिहून काढावे लागले. पुनर्रचनेपूर्वी प्रत्येक जुन्या भेदाविषयी ‘याने आजवर काय राखले?’ हा प्रश्न विचारणे का अगत्याचे आहे, ते यावरून स्पष्ट होईल.

पायथनचा वृक्ष कंपायलरपुरता मर्यादित नाही, ही यापुढील अडचण. ‘एएसटी’ या ग्रंथालय-घटकाद्वारे तो कोणासही वाचता येतो, आणि मजकुरातील दोष शोधणारी व चाचण्या घेणारी कित्येक साधने त्यावर उभी आहेत. म्हणून जुनी नावे एकाएकी काढण्यात आली नाहीत. एखादा नोड ‘नम’ वर्गातील आहे काय, असे विचारल्यास 3.8 नंतरही योग्य उत्तर मिळे; ‘नम’ भेटल्यावर काय करावे हे लिहून ठेवलेला जुना मजकूरही चालत राही. नोडचे वर्गनाम थेट तपासणाऱ्यांना मात्र बदल तत्क्षणी जाणवला. 2023 सालच्या 3.12 या आवृत्तीत जुन्या नावांचा उल्लेख होताच इशारा मिळू लागला, आणि 2025 साली 3.14 या आवृत्तीत ती नावे पूर्णतः काढण्यात आली. पाच नावे निरोप घेण्यास सहा वर्षे लागली, याला दिरंगाई म्हणणे योग्य होणार नाही. ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे शक्य नाही अशा असंख्य वाचकांना दिलेली ती मुदत होती.

या धोरणाचे फळ 2020 साली 3.9 या आवृत्तीत दिसून आले. व्हान रॉसम, गालिंदो व निकोलाऊ यांच्या प्रस्तावानुसार विश्लेषकच मुळापासून बदलण्यात आला. जुना विश्लेषक पुढील एकच चिन्ह पाहून निर्णय घेई. या मर्यादेमुळे काही नियम व्याकरणात सैल ठेवून मूर्त वृक्षाचे अमूर्तात रूपांतर करताना त्यांची तपासणी करावी लागे. नव्या विश्लेषकाने मूर्त वृक्षाचा टप्पाच गाळला आणि अमूर्त वृक्ष थेट उभा केला. इतका मोठा पालट होऊनही नावांची व्याप्ती व आज्ञानिर्मिती पाहणारे टप्पे मोडून काढावे लागले नाहीत. कारण त्यांचा संबंध विश्लेषकाशी नसून वृक्षाच्या वर्णनाशी होता. जुन्या विश्लेषकाकडे परत जाण्याची सोय एका आवृत्तीपुरती ठेवून 3.10 मध्ये ती काढून घेण्यात आली.

वृक्षाचे वर्गीकरण हा कंपायलरचा खाजगी तपशील नसून वृक्ष रचणारा व तो वाचणारे यांच्यातील करार होय, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो. तो करार एकाच ठिकाणी लिहिलेला असावा. त्यातील कलम रद्द करताना त्याने राखलेला अर्थभेद अन्यत्र नोंदवावा. आणि जुन्या कलमावर विसंबलेल्यांना पुरेसा अवधी द्यावा. पदजातींची संख्या कमी केल्याने व्याकरण आटोपशीर होते, हे वैयाकरणांना पूर्वीपासून माहीत आहे. परंतु कमी केलेल्या भेदांचा हिशोब द्यावयाचा राहिला, तर ते व्याकरण आटोपशीर नव्हे, अपुरे ठरते. आणि कंपायलरच्या बाबतीत त्या अपुरेपणाची झळ, त्या करारावर विसंबून कार्यक्रम लिहिणाऱ्यांना सोसावी लागते.