देव सुटेना, मन ऐकेना

मराठी कादंबरी जन्मली तीच श्रद्धेचा पेच घेऊन. 1857 साली आलेल्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मधली यमुना नवऱ्यासोबत प्रवासाला निघते, वाटेत विधवांचे हाल बघते आणि कळवळते. दोघंही मनाने ख्रिस्ताकडे वळलेले, पण उघड बोलायची सोय नाही. पदमनजींनी स्वतः 1854 मध्येच धर्मांतर केलं होतं. उत्तर त्यांच्यापाशी तयार असल्यामुळे यमुनेला डगमगायला फारशी जागाच उरत नाही.

ती जागा वामन मल्हार जोशींनी 1930 च्या 'सुशीलेचा देव'मध्ये दिली. लहानपणीच्या मूर्तीपासून निघालेली सुशीला वाचत, वाद घालत, सोसत देवाची कल्पना बदलत जाते. चर्चा लांबतात खऱ्या. पण बाईने आपल्या देवाचा विचार आपणच करावा, हे त्या काळी थोडकं नव्हतं.

पेच सर्वांत खरा उतरला तो साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी पडते, तिला ती उचलवत नाही. आई श्यामला पाठवते: मोळी डोक्यावर चढवून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर.

ती आंघोळ खटकते, खटकायलाच हवी. पण तिच्यामुळेच ही बाई पुस्तकी सुधारक वाटत नाही. सोवळं तिच्या हाडीमाशी भिनलेलं आहे आणि म्हातारीचे हालही तिला बघवत नाहीत. दोन्ही गोष्टी ती एका दमात सांगून मोकळी होते.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त (1966) हाच पेच भयंकर होतो. परशुरामतात्याला दैवी कृपा लाभते, सोबत ब्रह्मचर्याची अट येते. पुढे आदेश देवाचा की आपल्याच मनाचा, हे ओळखणं हाताबाहेर जातं. मध्य प्रदेशातल्या जामसांवलीच्या मंदिरात पिंपळाखाली निजलेल्या हनुमानापुढे बाधा आणि मनाचे आजार घेऊन लोक येतात. त्या गर्दीतल्या कुणालाही तात्याची घालमेल परकी वाटणार नाही.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (1986) आत्मकथन आहे, कादंबरी नाही; तरी ते वगळून हा मागोवा पुरा होत नाही. आषाढात अंगात येणाऱ्या बाया, पोतराज म्हणून देवाला सोडलेली पोरं, हे सारं त्या आपल्याच माणसांचं म्हणून लिहितात. बाबासाहेबांच्या शब्दाने ते देव सुटले, याचा त्यांना अभिमान आहे. मात्र त्या भक्तीशेजारची उपासमारही त्या तितक्याच ठसठशीतपणे नोंदवतात.