बंब, गिझर की सोलर?

नांदेड-लातूरकडे थंडीत घर तापवावं लागत नाही, तापवावं लागतं ते पाणी. डिसेंबर-जानेवारीत फजरच्या वुजूला आणि सगळ्यांच्या आंघोळीला ऊन पाणी हवंच. त्यासाठी सर्वांत आधी उठते ती घरातली बाई. म्हणून पाणी कशावर तापवायचं हे ठरवताना किमतीबरोबर तिची झोप आणि तिची छातीही हिशेबात धरायला हवी.

2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही सिलिंडर आले. तरी खेड्यांतल्या पुष्कळ घरांत स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर किंवा बंबात, असंच चालतं. तुराट्या-पऱ्हाट्या शेतातून फुकट मिळतात. पण त्यांचा धूर बाईच्या आणि लेकरांच्या छातीत जातो.

गिझरला धूर नाही, बिल आहे. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण 0.35 युनिट वीज लागते. सहा माणसांच्या घरात रोज दोन, म्हणजे महिन्याला साठेक युनिट. घरगुती बिलात 100 युनिटांच्या पुढचा दर बराच चढा असतो. तिथेच हे साठ युनिट जड जातात.

सोलरला धूर नाही आणि रोजचा खर्चही नाही. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ बहुधा मोकळं असतं. दिवसा तापलेलं पाणी बंदिस्त टाकीत पहाटेपर्यंत गरम राहतं. मात्र सुरुवातीचा खर्च मोठा असतो आणि आणखी तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट छत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जड माळवदांखाली कितीतरी माणसं गेली. 200 लिटर पाण्याचंच वजन 200 किलो भरतं. माळवदावर किंवा पत्र्यावर ती टाकी ठेवू नये, मजबूत स्लॅबच हवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची संमतीही लागते.

दुसरी गोष्ट पाणी. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. सोलरला वरच्या टाकीत कायम पाणी लागतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांत साचतात. तिथे काचेच्या नळ्यांचा संच बरा, पण तोही अधूनमधून साफ करून घ्यावा.

तिसरी गोष्ट सवय. रात्री भांड्यांसाठी गरम पाणी काढलं, की तेवढंच थंड पाणी टाकीत येतं आणि पहाटे पाणी कोमट मिळतं. सकाळी नळ सोडल्यावर आधी पाइपातलं थंड पाणी येतं, ते बादलीत धरून ठेवावं. वुजूच्या पाण्यातही इसराफ नको, हे आपण लेकरांना शिकवतोच.

स्वतःचं स्लॅबचं घर आणि पुरेसं पाणी असेल, तर पैसे साठवून सोलर घ्यावा. ते जमण्यासारखं नसेल, तर निदान बंब न्हाणीतून बाहेर मोकळ्या जागी न्यावा आणि जळण वाळलेलंच वापरावं. पण निर्णयाला बसताना, रोज पहाटे पाणी तापवणाऱ्या अम्मीला किंवा सुनेला आधी विचारा.